कपलरवाली गाडी आणि पाणी उतरलेली सळई

सळयांचे जोड करून देणारी, शनिवारी येतो म्हणालेली गाडी मंगळवारी दुपारी आली. जांब चौरस्त्यावर टायर बसला म्हणे. ठेकेदारीच्या अठरा वर्षांत हे कारण मी इतक्यांदा ऐकलंय की तिथं पंक्चरचं दुकान टाकलं असतं तर आज मीच शेठ असतो. पाचपैकी साडेतीन तारे देतोय. अर्धा उशिरासाठी कापला. बाकीचा एक कामासाठी नाही, एका उत्तरासाठी कापलाय, आणि हे सगळं लिहायला बसलो तेही त्या उत्तरापायीच.

मी मारेगावकडचा, यवतमाळ जिल्हा. डिप्लोमा सिव्हिल. घरं, गोदामं, अंगणवाड्या, मिळेल ते बांधतो. सेवा नागपूरची आहे: पिकअपवर मशीन घेऊन साइटवर येतात, सळयांना आटे पाडतात, कपलर, म्हणजे दोन सळया टोकाला टोक जोडणारी लोखंडी नळी, देतात, बसवून देतात. नाव मुद्दाम लिहीत नाही. आपल्या भागात अशा दोन-चारच गाड्या फिरतात आणि उद्या मलाच यांना पुन्हा बोलवायचंय.

काम होतं एका जिनिंगच्या गोदामाचं. मार्चात आग लागली होती. कापसाची आग डोळ्यांना दिसते तेवढीच नसते. वरून विझलीशी वाटते, पण १७० किलोची दाबून बांधलेली गाठ आतल्या आत धुमसत राहते. जेसीबीनं गाठी बाहेर ओढून फोडल्या, तरी तिसऱ्या दिवशी सकाळी एकीतून धूर निघतच होता. छपराचे पत्रे आणि त्यांना खालून धरणाऱ्या कैच्या तर गेल्याच. लोखंडी कैची अशी लोंबली होती जशी दोरीवर वाळत घातलेली ओली चादर. कॉलम मात्र उभे. शेठजी म्हणाले, "कॉलम तर शाबूत आहेत ना भाऊ, प्लास्टर मारून टाक." मलाही क्षणभर तसंच वाटलं, खोटं कशाला बोलू.

नागपूरच्या इंजिनियर साहेबांनी हातोडी मागितली आणि एका कॉलमला खालच्या बाजूला टोला मारला. खणखणीत आवाज यायला हवा होता, आला भदभद. दोन-चार टोल्यांत कव्हर, म्हणजे सळयांच्या बाहेरचं काँक्रीट, खपलीसारखं निघालं. आपल्याकडे कॉलमच्या सळयांचा लॅप, म्हणजे एकीशेजारी दुसरी सळई बांधून केलेला जोड, कुठं येतो? प्लिंथच्या वर, कंबर-छातीएवढ्या उंचीपर्यंत. आणि गाठी कुठं रचतात? तिथंच, कॉलमला टेकवून. म्हणजे सगळ्यात जास्त जाळ नेमका जोडावर.

मी वाकून आत हात घातला. पायातल्या फुटिंगमधून आलेली सळई आणि तिच्या शेजारून वर गेलेली दुसरी. बाइंडिंग तार तापून ठिसूळ झालेली, बोट लावताच तुटली. दोन सळयांच्या मध्ये जे काँक्रीट असतं, ते नखानं खरवडत होतं. वरच्या सळईला खालून धक्का दिला तर ती शेजारणीवर आपटून वाजली. अठरा वर्षं लॅप बांधतोय, पण लॅप म्हणजे काय ते त्या आवाजानं कळलं. लॅप हा लोखंडाचा जोड नसतोच. एक सळई आपला भार काँक्रीटला देते, काँक्रीट तो शेजारणीला देतं. मधला गेला की दोघी धडधाकट असूनही एकमेकींच्या कुणी लागत नाहीत. तिथं कॉलम पडला नाही तो फक्त दाबात होता म्हणून. तोच लॅप बीमच्या तळाशी, ताणात असता तर मी आत हात घातला नसता.

साहेबांनी मग बांधावर बसून हिशेब सांगितला. काँक्रीट ३०० अंशांच्या पुढं कमजोर पडायला लागतं. ४०० ते ५०० च्या दरम्यान सिमेंटातला चुना फुटतो, आणि वरून पाणी पडलं की तो पुन्हा फुगून आणखी भेगा पाडतो. सळईवरची पकड लोखंडाच्या आधी सुटते. लोखंड त्यामानानं चिवट. युरोपच्या बांधकामाच्या कोडातला तक्ता त्यांनी मोबाइलवर दाखवला: साधी गरम रोलची सळई ४०० अंशांपर्यंत पूर्ण ताकद धरते, ५०० ला ७८ टक्के, ६०० ला ४७, ७०० ला २३. आणि आगीच्या प्रमाणित चाचणीत भट्टी अर्ध्या तासात ८४२ अंशांवर जाते, तासाभरात ९४५ वर. मधे आड काय असतं तर कव्हर. ४० मिलिमीटर सिमेंट-रेती-गिट्टी, बस.

किती तापलं होतं हे ओळखायला काँक्रीटचा रंग बघतात, ३०० च्या वर गेलं की गुलाबी छटा येते. आपल्या काळ्या गिट्टीत ती फार उठून दिसत नाही. साहेब भिंग घेऊन रेतीच्या कणांकडे बघत होते आणि शेठजी दुरूनच विचारत होते, "सोनं सापडलं का?"

ठरलं असं. तीन कॉलम टेकू देऊन दुरुस्त करायचे: खराब झालेल्या सळईचा तुकडा कापून काढायचा, नवा घालायचा, आणि बाहेरून जॅकेटिंग, म्हणजे कॉलमभोवती नव्या काँक्रीटचा वेढा. शेठजींनी त्याच निमित्तानं गोदाम दोन गाळे वाढवायलाही काढलं, त्याचे सहा कॉलम नवे. दुरुस्तीत लॅप द्यायला जागाच नव्हती. २० मिमीच्या सळईला ५० पट धरलं तरी एक मीटर लॅप लागतो, म्हणजे वर-खाली चांगलं काँक्रीट फोडत जायचं. आणि नव्या कॉलममध्ये साहेबांना गाठींच्या उंचीला लॅपच नको होता. म्हणून कपलर. म्हणून ही गाडी.

आता गाडीबद्दल. काम चांगलं, हे आधी लिहून टाकतो. बरोबर दोन पोरं होती, विशी-बाविशीची. येताच सावली बघून मशीन उतरवलं, चहासाठी अडून बसली नाहीत. सळईचं टोक आधी एका दाबाच्या मशीनमध्ये घालतात, ते थंडच दाबून किंचित जाड होतं, मग दुसऱ्या मशीनवर आटे. ही जाड करायची पायरी काही जण पैसे वाचवायला गाळतात आणि सरळ सळईवरच आटे कापतात. तसं करू देऊ नका. टीएमटी सळईची सगळी मुजोरी तिच्या सालीत असते. कारखान्यात लाल सळई रोलमधून निघाली की पाण्याच्या फवाऱ्यातून जाते. बाहेरचं कडं एकदम थंड होऊन कडक होतं, आतला गाभा मऊच राहतो, आणि त्या गाभ्याच्या उरलेल्या उष्णतेनं बाहेरचं कडं जरा निवळतं. २० मिमीच्या सळईत ते कडं मिलिमीटरांत मोजावं एवढंच. आटे कापताना तेच सोलून काढलं तर मग उरलं काय?

कपलर माझ्या पट्टीवर बाहेरून ३२ मिमी जाड भरला, लांबी अंगठ्याएवढी. दोन्ही बाजूंनी सारखे आटे आत गेले की नाही ते बघायला सळईवर पिवळ्या रंगाची खूण. टॉर्क पाना लावला की टक्क असा आवाज येतो. पोरगा प्रत्येक टक्कला मान हलवायचा, मास्तर हजेरी घेतल्यासारखा. अठ्ठेचाळीस जोडांत तीन मला कमी बसलेले सापडले, खूण आतच गेली नव्हती. दाखवल्यावर कुरकुर न करता सोडवून पुन्हा बसवले. आट्यांवर घालायच्या प्लास्टिकच्या टोप्या मात्र निम्म्याच आणल्या होत्या. बाकीच्या टोकांना मी दुधाच्या पिशव्या बांधल्या, नाहीतर सिमेंटची स्लरी आट्यांत गेली की पुढच्या मजल्याला रडायची पाळी.

दराचं म्हणाल तर आट्यांसकट एका जोडाचे १३० रुपये लागले. त्याच जोडाला लॅप दिला असता तर मीटरभर २० मिमीची सळई, म्हणजे २.४७ किलो, म्हणजे मला पडलेल्या भावानं १४० च्या पुढं. तेव्हा कपलर महाग ही समजूत निदान २० मिमीपासून पुढं सोडा. १२ मिमीला नका लावू, तिथं लॅपच परवडतो.

जुन्या सळयांचं मात्र वेगळं. उभ्या कॉलममधल्या सळईला गोल फिरवता येत नाही आणि तिच्या टोकाला हे मशीनही लागत नाही. तिथं बोल्टवाला कपलर: वीतभर लांब जाड नळी, दोन्हीकडून सळया आत, वरून बोल्टांची रांग. बोल्ट आवळत जायचा, ठरलेल्या जोराला त्याचं डोकं आपोआप तुटून हातात येतं. डोकं तुटलं म्हणजे बोल्ट पुरेसा आवळला, जोर तपासायला वेगळं काही लागत नाही. माझ्या मिस्त्रीनं पहिलं डोकं तुटल्यावर कानच धरले, वाटलं नुकसान केलं. असे बावीस लागले. एकाच्या किमतीत आट्यांचे दहा-बारा आले असते, पण इलाज नव्हता.

आणि इथं मी तो प्रश्न विचारला. आग लागलेल्याच गोदामात उभे होतो, मागं काळे कॉलम, तेव्हा विचारणं साहजिक होतं: पुन्हा आग लागली तर हा जोड काय करेल? मार्केटिंगवाले साहेब त्या दिवशी स्वतःच्या कारनं आले होते. हसले आणि म्हणाले, "लोखंडच आहे ना भाऊ, आगीत काय होते त्याले!"

एक तारा तिथं गेला.

मागं कैच्या लोंबत होत्या राजेहो, त्याही लोखंडाच्याच होत्या.

ते गेल्यावर मशीनवरच्या पोरानं हळूच सांगितलं, "भाऊ, आपल्या सर्टिफिकेटातल्या टेस्टा साऱ्या थंड्या लोखंडाच्या आहेत. गरमची एकबी नाही." कागद काढून बघितला तर खरंच. कपलरसाठी आपलं भारतीय मानक आयएस १६१७२ आहे, पहिल्यांदा २०१४ साली आलेलं. ओढून बघायची चाचणी होती, जोड ०.१० मिमीपेक्षा जास्त सरकू नये ती होती, सगळ्यांत पास. पण सगळं खोलीच्या तापमानाला. कंपनीनं काही लपवलं नव्हतं. फक्त विकणाऱ्यानं कागद वाचला नव्हता आणि मशीनवरच्यानं वाचला होता.

मला चैन पडेना. एकाच सळईच्या तुकड्यांचे दोन जोड जास्तीचे करून घेतले आणि त्यातला एक गावातल्या लोहार मामांकडे नेला. मामा सत्तरीचे आहेत, डोळ्यांना कमी दिसतं पण भात्यातला रंग अजून चुकत नाही. कपलर मधोमध येईल असा तुकडा कोळशात घातला. आधी काळपट तांबडा झाला, मग पिकल्या बोरासारखा. मामांनी बिडी संपेपर्यंत तसाच ठेवला आणि चिमट्यानं काढून मातीवर टाकला. पाण्यात नको म्हटलं होतं. गार झाल्यावर कपलरवर काळे पापुद्रे आलेले, आटे असे घट्ट बसले की पान्यानं उकलेनात. मी खूश झालो, म्हटलं जोड तर आणखी पक्का झाला. मामांनी कपलरच्या शेजारची सळई कानशीनं दोनदा घासली, तिकडच्या न तापलेल्या टोकाला दोनदा घासली, आणि म्हणाले, "जोडाले काय पाहतं पोरा? याचं पाणी उतरलं."

विळ्याला पाणी पाजतात ना, तेच. सळईच्या सालीला कारखान्यानं पाजलेलं पाणी मामांच्या भात्यानं एका बिडीत उतरवलं होतं.

दोन्ही तुकडे नागपूरला प्रयोगशाळेत दिले, नाहीतरी सळयांचे नमुने द्यायचेच होते. न तापवलेला जोड कपलरपासून लांब, सळईतच तुटला, तसाच तुटायला हवा. तापवलेल्याचे आटे सुटले नाहीत, कपलरही फाटला नाही. पण सळई कपलरला लागून, जिथं लाल झाली होती तिथंच, लांबून बारीक होऊन तुटली, आणि यील्ड, म्हणजे सळई कायमची लांबायला लागते तो ताण, ५०० मेगापास्कलच्या खाली आला. पाचशे म्हणजे त्या सळईच्या नावातलाच आकडा, एफई ५००. तो गेला म्हणजे नावच गेलं. इंजिनियर साहेब म्हणाले, ४५०-५०० अंशांपर्यंत तापून गार झालेली टीएमटी जवळपास पूर्ववत होते, ६०० च्या वर गेली की मग साल परत कडक होत नाही. आणि हेही म्हणाले की तुझा प्रयोग गार झाल्यानंतरचा आहे. आगीत, भार अंगावर असताना, ती याहूनही मऊ असते. माझ्या उत्साहावर त्यांनी पाणी टाकलं, पण खरं होतं.

बोल्टवाल्याबद्दल त्यांना जास्त काळजी. हाय-टेन्साइल बोल्टची ताकदही अशीच पाणी पाजून आलेली असते, आणि ती सळईच्याही आधी उतरते. त्याच युरोपच्या कोडांत पोलादी बोल्टांचा तक्ता आहे: ५०० अंशांना ५५ टक्के उरतात, ६०० ला २२. सळई ६०० ला ४७ वर असताना तिला धरून ठेवणारा बोल्ट २२ वर! म्हणून त्या बावीस जोडांवर जॅकेटचं काँक्रीट कुठंही कमी पडू द्यायचं नाही असा त्यांचा दंडक, आणि ओततेवेळी ते स्वतः बॅटरी घेऊन सेंट्रिंगच्या फटीतून बघत होते.

या सगळ्याचा साइटवर अर्थ एकच निघतो, आणि तोच या सेवेवाल्यांनी सांगायला हवा होता. कपलर सळईपेक्षा जाड असतो. २० च्या जागी ३२, म्हणजे बाहेरच्या बाजूला ६ मिमी जास्त. त्याच्यावरून उभ्या सळयांना वेढणारी ८ मिमीची रिंग नेली की रिंगही तेवढीच बाहेर. ४० चं कव्हर ३४ झालं, तेही नेमकं जोडावर. आमच्या सळई बांधणाऱ्यांनी त्यावर आपला तोडगा काढला: रिंग कपलरवर बसत नाही ना, मग ती वर सरकवा, एक खाली सरकवा, मधे वीतभर मोकळं. म्हणजे कव्हर वाचलं आणि रिंग गेली. मी दोन मापांच्या रिंगा करून घेतल्या, कपलर एक खाली एक वर असे आलटून-पालटून ठेवले आणि त्या पट्ट्यात कॉलमचं सेंट्रिंग थोडं मोठं केलं. काँक्रीटच्या बांधकामाच्या आयएस ४५६ मध्ये चारी बाजूंनी आग लागेल अशा ३०० मिमीच्या कॉलमला आगीत दोन तास टिकण्याचा दर्जा आहे, पण तो ४० चं कव्हर शाबूत धरून. गाडीवाल्यांनी आल्या आल्या एवढंच म्हटलं असतं की भाऊ, रिंगा मोठ्या करून ठेवा, तर माझा दीड दिवस आणि शंभरेक रिंगा वाचल्या असत्या.

अजून एक. त्याच मार्केटिंगवाल्या साहेबांनी कॉलम एकमेकांना बांधणाऱ्या टाय-बीमच्या सळयांसाठी बोल्टवाला महाग पडतो म्हणून केमिकल सुचवलं: ड्रिल मारा, ट्यूब पिळा, सळई खोचा, स्वस्तात काम. एरवी मीही वापरतो, ओट्याला, जिन्याच्या पायऱ्यांना. इथं नाही म्हटलं. ही बरीचशी इपॉक्सी केमिकलं ६०-८० अंशांच्या पुढं मऊ पडायला लागतात. सहाशेचं सोडा, त्याच्या दहाव्या भागातच. मे महिन्यात आमच्याकडे सावलीतही कधी कधी ४५ च्या पुढं जातं आणि पत्र्याला हात लावला तर कातडी चिकटते. कापसाच्या गोदामात ते केमिकल धरून बसेल यावर मी शेठजींची सही घेणार नाही, माझीही देणार नाही.

तर बोलवा यांना. आट्यांच्या कामाला नक्की बोलवा, टोप्या मोजून घ्या, पोरांना जेवू घाला, विकणाऱ्याला काही विचारू नका, मशीनवरच्याला विचारा. पैसे त्यांनी ठरल्यापेक्षा एक रुपया जास्त घेतला नाही, पावती जागेवर दिली.

काम संपल्यावर इंजिनियर साहेबांच्या सांगण्यावरून प्रत्येक कॉलमभोवती फरशीवर तीन फुटांवर पिवळा पट्टा मारून घेतला, गाठी त्याच्या आत रचायच्या नाहीत म्हणून. रंग चांगला घेतला, दोन हात मारले. परवा बिलाच्या बाकीसाठी गेलो होतो. नवी आवक सुरू झालेली, हमाल गाठी लोटत आणत होते. पिवळा पट्टा कुठं दिसेना. मग कळलं, गाठींच्या खाली आहे.